पोरीपोरांना फार्मसीला घालताना
(जालना जिल्हा बैठकीतील भाषण)



बारावीचा निकाल लागला की आपल्या घरात एकच बोलणे सुरू होते. डॉक्टरकीला नंबर लागत नाही, मग फार्मसी करू. आणि करायचीच तर मुंबई-पुण्याला करू. लेकरांना शिकवायचे, त्यात दुमत नाही. पण कपाशीचे बियाणे घेताना आपण पिशवीवरच्या चित्राला भुलत नाही, शेजारच्या रानातले पीक पाहतो. शिक्षणाला मात्र शहराच्या नावावर पैसे मोजतो.

आधी काय काय आहे ते समजून घेऊ. डी. फार्म. दोन वर्षांचे. औषधाच्या दुकानाला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो, त्यासाठी शिक्षण म्हणून तेवढे पुरते. बी. फार्म. चार वर्षांचे. कारखाना, तपासणीची प्रयोगशाळा, औषध निरीक्षकाची जागा यांची वाट तिथून जाते. डी. फार्म. झालेल्याला बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. ज्याला दुकानच टाकायचे आहे त्याने चार वर्षांचा खर्च का करावा?

तिसरे नाव फार्माकॉलॉजी. औषध शरीरात जाऊन काय करते, त्याचे हे शास्त्र. बारावीनंतर त्याची वेगळी पदवी आपल्याकडे सहसा नसते, बी. फार्म.मध्ये तो विषय असतो, खोलात शिकायचे ते एम. फार्म.ला. हे शास्त्र आपल्याला परके नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. मोनोक्रोटोफॉससारख्या विषावर अ‍ॅट्रोपीन देतात. ते का लागू पडते, किती द्यायचे, हे याच शास्त्राने सांगितले. आपल्या घरातले कोणी ते शिकले तर गावालाही उपयोग आहे.

आता पैशाचे. बी. फार्म.ला सीईटी द्यावी लागते. गणित किंवा जीवशास्त्र, कोणताही गट चालतो. प्रवेश केंद्रीय फेरीतूनच घ्या. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले आहे. दलालाकडून घेतलेल्या व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ही सवलत नाही. खोलीभाडे आणि खानावळ मात्र कोणी माफ करत नाही. त्यासाठी अल्पभूधारकांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्याचा अर्ज भरा.

माटुंग्याची १९३३ सालची रसायन तंत्रज्ञान संस्था किंवा कालिन्याचे १९५७ सालचे बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी, अशा ठिकाणी नंबर लागला तर लेकराला जरूर धाडा. पण पाटीवर शहराचे नाव आणि प्रयोगशाळेला कुलूप, अशा ठिकाणी नको. छत्रपती संभाजीनगर जालन्याहून साठेक किलोमीटर. तिथे कॉलेजे आहेत. चिकलठाणा, वाळूजला औषधांचे कारखाने आहेत.

कॉलेज निवडण्याआधी तिथे जाऊन तीन गोष्टी विचारा. फार्मसी कौन्सिलची यंदाची मान्यता दाखवता का? शिकवणारे किती? मागच्या वर्षी पास झालेली पोरे आज कुठे आहेत?

पिकाचा उत्पादन खर्च मांडायला आपण चळवळीत शिकलो. तसाच चार वर्षांचा खर्च कागदावर मांडा, पोरीलाही त्या हिशेबाला बसवा. आणि गावोगावच्या फार्मसी शिकलेल्या मुलामुलींना अर्ज भरायच्या आधी बैठकीला बोलवा. जमीन गहाण टाकून पाटी विकत घेण्याची पाळी कोणावर येऊ नये.