मूडलच्या पानावरची चित्रफीत



प्राध्यापकांना मूडल या ऑनलाइन शिक्षणप्रणालीवरच्या अभ्यासक्रमात शेक्सपिअरचं नाटक दाखवायचं आहे. ग्रंथालयात त्याची डीव्हीडी आहे, विद्यार्थी मात्र घरी किंवा वसतिगृहात. मग ती डीव्हीडी संगणकावर उतरवून पानावर चढवली तर काय बिघडलं?

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हाच प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. बीबीसीने १९७८ ते १९८५ या काळात शेक्सपिअरच्या ३७ नाटकांचं चित्रीकरण केलं होतं. विद्यापीठ ती नाटकं विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाच्या पानावर दाखवत असे. चित्रफितींच्या वितरकांच्या संघटनेने हरकत घेतली, तेव्हा विद्यापीठाने २०१०च्या जानेवारीत हे बंद केलं, मार्चमध्ये पुन्हा सुरू केलं, आणि डिसेंबरात दावा दाखल झाला. न्यायालयाने तो २०११मध्ये फेटाळला, सुधारून आणलेला दावा २०१२मध्येही फेटाळला.

या निकालाचा आधार घेणाऱ्यांनी तो नीट वाचावा, असं मला कळकळीने वाटतं. सरकारी विद्यापीठावर असा दावा चालतो का, संघटनेला तो लावता येतो का, यावर त्याचा मोठा भर होता. शिवाय सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क विद्यापीठाला खरेदीच्या करारातच मिळाला होता, हेही न्यायालयाने पाहिलं. कपाटातली कोणतीही डीव्हीडी चढवायला मोकळीक, असा अर्थ त्यातून निघत नाही.

आता ग्रंथालयं कॅनोपी, अलेक्झांडर स्ट्रीट अशा ऑनलाइन चित्रफीत-सेवांचा परवाना घेतात. चित्रफीत त्यांच्याच सर्व्हरवर राहते. प्राध्यापक कोडच्या दोन-चार ओळी पानावर चिकटवतात आणि तिथं चौकट उघडते. इथं नेहमी होणारी एक गडबड सांगतो. ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता जसाच्या तसा उचलला, तर व्हिडिओ कॉलेजच्या नेटवर्कवर चालतो आणि घरी अडतो. ग्रंथालयाच्या प्रॉक्सीचा, म्हणजे ओळख पटवणाऱ्या मध्यस्थ सर्व्हरचा, पत्ता त्याच्या आधी जोडला, तरच घरी बसलेली विद्यार्थिनी आपली म्हणून ओळखली जाते. तो जोडला नाही, तर तिला वाटतं, आपलंच इंटरनेट बिघडलंय. ती ग्रंथालयाला विचारतही नाही.

परवाना बहुधा एका किंवा तीन वर्षांचा असतो. तो सत्राच्या मधेच संपला, तर चौकट रिकामी पडते. पैशाचं गणितही वेगळं: काही योजनांत विद्यार्थ्यांनी एखादा चित्रपट ठरावीक वेळा पाहिला की परवान्याचं बिल ग्रंथालयाच्या नावे लागतं. न्यूयॉर्क, ब्रुकलिन आणि क्वीन्सच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी २०१९मध्ये खर्चापायी कॅनोपी सोडली. तिथं तर वाचक जितकं पाहतील तितका खर्च वाढत होता.

पण माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कॅप्शनची. अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१५मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीवर दावे लावले. लाखो लोकांसाठी खुल्या केलेल्या व्याख्यानांना नीट कॅप्शन नव्हत्या. चार-पाच वर्षांनी तडजोड झाली आणि दोन्ही विद्यापीठांना कॅप्शन देण्याची हमी द्यावी लागली. आपल्याकडे २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. त्याच्या ४२व्या कलमात इलेक्ट्रॉनिक माध्यमांसाठी कॅप्शन, सांकेतिक भाषा आणि ध्वनिवर्णन यांचा उल्लेख आहे. तेव्हा आपल्या ग्रंथालयांनी चित्रफितीच्या मागणीपत्रावर दोन रकाने आजच वाढवावेत: परवाना कोणत्या तारखेला संपतो, आणि कॅप्शन आहेत का. दुसरा रकाना कोरा असेल, तर खरेदीआधी पुरवठादाराकडून त्या मागून घ्याव्यात.