वास येणे आणि वास घेणे

मराठीत वास ‘येतो’ आणि वास ‘घेतला’ जातो, आणि हा भेद केवळ व्याकरणाचा नसून दोन निराळ्या शारीरिक क्रियांचा आहे. गंध टिपणाऱ्या पेशींचा थर, ज्यास घ्राणपटल म्हणतात, नाकाच्या पोकळीत अगदी वरच्या टोकाला असतो, आणि संथ श्वासातील हवेचा थोडाच अंश तेथवर पोहोचतो. मात्र माणूस हुंगू लागला, म्हणजे लहान पण जोरकस श्वास ओढू लागला, की अधिक गंधकण त्या थरापर्यंत जातात. खोबऱ्याचा डबा उघडून ते खवट झाले आहे का, हे पाहणारी गृहिणी नेमके हेच करते.

नजर वळवावी, कान टवकारावा, तसे गंधाकडे लक्ष वळवण्याचे साधन श्वास हे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, डोळे झाकलेल्या ३२ जणांपैकी सुमारे दोनतृतीयांश व्यक्तींनी गवतावरचा चॉकलेटचा माग निव्वळ हुंगत काढला, आणि ज्यांना सराव दिला गेला त्यांची गती वाढली, तसे त्यांचे हुंगणेही जलद झाले. माणसाचे नाक दुबळे, हा समज म्हणूनच तपासून घ्यावा असा आहे.

भारतीय विचारात गंध आणि लक्ष यांच्या नात्याची फार सूक्ष्म मांडणी आढळते. न्यायदर्शनाने गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला आणि मन हे अणुरूप, म्हणजे एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाणारे मानले. त्यामुळे नाकाशी गंध आला तरी मन अन्यत्र असल्यास त्याचे ज्ञान होत नाही. आजचे शास्त्र त्यात सवयीची भर घालते, कारण सतत राहणारा वास थोड्याच वेळात जाणवेनासा होतो, आणि घराचा कुबटपणा घरच्यांपेक्षा पाहुण्याला आधी कळतो.

या साऱ्याचा उपयोग कोविडनंतर वास येईनासा झालेल्या अनेकांना झाला. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली मांडलेल्या घ्राण-प्रशिक्षणात गुलाब, निलगिरी, लिंबू व लवंग हे चार गंध बारा आठवडे, दिवसातून दोनदा हुंगायचे असतात. सर्वांनाच गुण येतो असे नाही; परंतु लवंगेची कुपी नाकाशी धरून काही सेकंद मन तेथेच ठेवायचे, आणि वास आला नाही तरी संध्याकाळी तो पुन्हा घ्यायचा, असा हा क्रम आहे.