बोटावरचा आकडा
(मंडळाच्या व्याख्यानात केलेले भाषण)



आम्ही ऑक्सिमीटरवर बोलणार असे कळवले, तेव्हा समितीतल्या एका ज्येष्ठांनी विचारले, "कोविड केव्हाच संपला, आता त्यावर काय बोलणार?" आमचे म्हणणे नेमके उलट आहे. कोविडच्या दिवसांत ते यंत्र बोटाला लागत होते, तेव्हा आकडा विचारायला रोज डॉक्टरांचा किंवा नर्सचा फोन येत होता. आता फोन येत नाही, पण यंत्र मात्र औषधांच्या डब्यात आहे. रात्री आजीला धाप लागली की ते बाहेर निघते. आकडा ९७ दिसला की घरचे म्हणतात, "काही नाही गं, झोप." हरमलहून किंवा साळहून रात्री गाडी काढून म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात, नाहीतर थेट बांबोळीला निघायचे की सकाळची वाट पाहायची, हे त्या आकड्यावर ठरते. म्हणून तो आकडा येतो कुठून, ते आज पाहू.

एक गोष्ट आधीच सांगतो. आम्ही डॉक्टर नव्हे. पदविका घेऊन सरकारी नोकरीत आलेली तांत्रिक माणसे आम्ही. उपचार सांगणार नाही, यंत्र सांगू.

मोबाईलचा टॉर्च लावून बोटाचे टोक त्यावर दाबा. बोट लालभडक दिसते. लाल रंग मांसातून आरपार येतो, निळा-हिरवा आतच शोषला जातो. शोषणारा मुख्य पदार्थ म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिन. हेच हिमोग्लोबिन फुप्फुसातून ऑक्सिजन उचलून अंगभर पोचवते, आणि त्याचा रंग ओझ्याप्रमाणे बदलतो. ऑक्सिजन असला की उजळ लाल, उतरवला की काळपट. रक्त तपासायला देताना शिरेतून निघालेले रक्त काळसर दिसते, ते यामुळेच.

ऑक्सिमीटरच्या चिमट्यात वरच्या बाजूला दोन बारीक दिवे असतात. एक लाल, सुमारे ६६० नॅनोमीटरचा. दुसरा सुमारे ९४० नॅनोमीटरचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. ऑक्सिजन वाहणारे हिमोग्लोबिन लाल उजेड जाऊ देते आणि अवरक्त जास्त अडवते. रिकामे हिमोग्लोबिन याच्या उलट वागते. दोन्ही दिवे आळीपाळीने सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतात आणि खालचा प्रकाशग्राही कोणता उजेड किती पोचला ते मोजतो.

इथपर्यंतचे शास्त्र जुने आहे. जर्मनीत कार्ल माथेस यांनी १९३५ मध्ये दोन रंगांचा उजेड वापरून कानाच्या पाळीतून हे मोजले होते. दुसऱ्या महायुद्धात उंच उडणारे वैमानिक बेशुद्ध पडत, म्हणून ग्लेन मिलिकन यांनी कानाला लावायचे यंत्र केले. अडचण एकच होती. बोटात किंवा कानात नुसते रक्त नसते. कातडी आहे, चरबी आहे, हाड आहे, शिरेतले वापरलेले रक्त आहे, आणि हे सगळेच उजेड खातात. त्यातून धमनीतले ताजे रक्त वेगळे काढायचे कसे?

उत्तर सापडले जपानमध्ये, आणि तेही दुसरेच काही शोधताना. निहोन कोहडेन या कंपनीत ताकुओ आओयागी नावाचे अभियंते काम करत होते. हृदय मिनिटाला किती रक्त बाहेर टाकते, हे त्यांना मोजायचे होते. शिरेत रंग सोडायचा आणि कानातून जाणाऱ्या उजेडावर तो रंग कसा चढतो-उतरतो ते पाहायचे, अशी पद्धत होती. पण आलेखावर नाडीचे ठोके उमटत आणि रेघ थरथरे. ती थरथर काढून टाकण्यासाठी आओयागींनी दुसऱ्या रंगाचा उजेड जोडून वजाबाकी करून पाहिली. वजाबाकी नीट होईना. रक्तातला ऑक्सिजन कमी-जास्त झाला की हिशेब बिघडे. दुसऱ्या कोणी कपाळावर हात मारला असता. यांच्या लक्षात आले की बिघडवणारी गोष्ट ऑक्सिजन असेल, तर बिघाड मोजला की ऑक्सिजन मोजता येईल. आणि ठोक्यागणिक हलते ते फक्त धमनीतले रक्त. कातडी, हाड, चरबी हलत नाहीत. हलणारा भाग घ्यायचा, स्थिर भाग सोडून द्यायचा. १९७४ साली त्यांनी हे मांडले. बोटाला लावायचे पहिले विकाऊ यंत्र मात्र १९७७ मध्ये मिनोल्टाने आणले, ते कॅमेरेवालेच. आओयागी १८ एप्रिल २०२० रोजी वारले. त्या सुमारास जगभरची माणसे त्यांचे यंत्र शोधत औषधांच्या दुकानांबाहेर उभी होती.

हा हलणारा भाग किती? एकूण उजेडाच्या साधारण १ ते २ टक्के. एवढ्याशा थरथरीवर आपला ९७ उभा असतो. थंड हात, थरथरणारा हात, नखांवरचे गडद पॉलिश, काळपट मेंदी, खिडकीतून येणारे ऊन, यांपैकी काहीही त्यात ढवळाढवळ करू शकते. चतुर्थीत तर मेंदी आणि नेलपॉलिश दोन्ही असते, तेव्हा बायकांनी पायाच्या बोटापेक्षा हाताचे स्वच्छ बोट निवडावे. हात गरम करावा, पाच मिनिटे स्वस्थ बसावे आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. लावल्या लावल्या दिसलेला आकडा लिहून ठेवू नये.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. उजेडाच्या गुणोत्तरावरून टक्केवारी काढण्याचे कोष्टक यंत्राच्या पोटात आधीच भरलेले असते, आणि ते कोष्टक माणसांवर तयार झालेले आहे. निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देतात, त्यांच्या धमनीतले रक्त काढून तपासतात आणि यंत्राचे वाचन त्याच्याशी जुळवतात. साधारण ७० टक्क्यांच्या खाली कोणाला नेता येत नाही. म्हणजे त्याखालचे आकडे हा अंदाज असतो. स्वयंसेवक बहुतेक गोऱ्या कातडीचे असतील तर काय होते, तेही पुढे आले. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात यंत्राने ९२ ते ९६ दाखवलेल्या रुग्णांचे रक्त तपासले गेले. काळ्या रुग्णांत ११.७ टक्के आणि गोऱ्यांत ३.६ टक्के जणांचा खरा ऑक्सिजन ८८ च्या खाली होता. आपल्याकडे एकाच घरात गहू ते काळा असे सगळे रंग असतात. सावळ्या माणसाच्या बोटावर ९३ दिसले तर ते ९३ च असेल अशी खात्री धरू नये.

कोविडच्या वेळी आकडे आपल्या तोंडपाठ झाले होते. गोवा सरकारने घरी विलगीकरणात असलेल्यांना दिलेल्या संचात ऑक्सिमीटर होता. सीमेपलीकडे दोडामार्ग-सावंतवाडीकडे 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत १५ सप्टेंबर २०२० पासून पथके घरोघर फिरून बोटाला तेच यंत्र लावत होती. अनेक रुग्ण हसतबोलत असत आणि आकडा ८५ असे. ती माणसे या यंत्रामुळे वेळेवर इस्पितळात गेली, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. मे २०२१ मध्ये गोमेकॉत पहाटेच्या वेळी काय घडले आणि उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे काय सुनावण्या झाल्या, ते तुम्ही सगळ्यांनी वाचले आहे. सरकारी नोकर म्हणून त्यावर इथे बोलणार नाही. एवढेच म्हणतो की आकडा दिसणे आणि ऑक्सिजन मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता ज्यासाठी उभे राहिलो तिथे येतो. आकडा चांगला आणि माणूस वाईट, असे केव्हा होते?

पहिले, रक्तक्षय. कदंबच्या बसचे उदाहरण घ्या. पेडण्याहून पणजीला दहा बस सुटल्या आणि सगळ्या भरलेल्या, तर भरती १०० टक्के. पाचच सुटल्या आणि त्या भरलेल्या, तरी भरती १०० टक्केच. ऑक्सिमीटर फक्त भरती सांगतो, बस किती ते सांगत नाही. १४ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या माणसाच्या १०० मिली रक्तात सुमारे १८ मिली ऑक्सिजन असतो. ७ ग्रॅम असलेल्या बाईच्या रक्तात सुमारे ९. दोघांच्याही बोटावर ९८. जिना चढताना तिला धाप लागते तेव्हा ती खोटे बोलत नसते.

दुसरे, कार्बन मोनॉक्साईड. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर, वीज गेल्यावर घरात ओढून घेतलेला जनरेटर, खिडकी लावून पेटवलेली शेगडी. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो आणि त्याला उजळ लाल ठेवतो. दोन दिव्यांचे यंत्र या लालीला ऑक्सिजन समजते. माणूस गुदमरलेला आणि आकडा ९९. डोके दुखते, मळमळते, घरातल्या दोघातिघांना एकदम होते, अशा वेळी यंत्र शोधू नका. दारे उघडा, माणसाला बाहेर काढा, १०८ ला फोन करा.

तिसरे, दमा. दम्याच्या झटक्यात माणूस जोरजोराने श्वास घेऊन आकडा धरून ठेवतो. तो दमला की आकडा कोसळतो, म्हणजे यंत्र उशिरा सांगते. त्याआधी सांगतात ती बरगड्यांमधली आत ओढली जाणारी कातडी, तुटक बोलणे आणि श्वासांची संख्या. घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिटभर मोजा. स्वस्थ मोठ्या माणसाचे १२ ते २० असतात. एप्रिल २०२१ च्या केंद्राच्या कोविड सूचनांत मिनिटाला २४ श्वास ही मध्यम आजाराची खूण म्हणून ऑक्सिजनच्या आकड्याच्या बरोबरीने लिहिली होती. ऑक्सिमीटर घराघरात पोचला, श्वास मोजायची सवय मात्र पोचली नाही, हे आम्हाला खटकते.

उलटा प्रकारही आहे. चुलीच्या धुराने किंवा विडीने वर्षानुवर्षे फुप्फुसे खराब झालेल्या वृद्धांसाठी आता घरी ऑक्सिजनचे यंत्र असते. आकडा ९० दिसला की मुलगा बटण फिरवून ९९ वर आणतो आणि समाधानाने झोपतो. अशा काही रुग्णांसाठी डॉक्टर मुद्दाम ८८ ते ९२ ठरवून देतात, कारण ऑक्सिजन जास्त झाला की अंगात कार्बन डायऑक्साईड साठतो आणि माणूस गुंगीत जातो. बोटावरचा आकडा त्या साठ्याबद्दल चकार शब्द काढत नाही. आपल्या वडिलांसाठी कोणता आकडा ठरवला आहे, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि यंत्रावर चिकटवा.

मोपा विमानतळ झाल्यापासून एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. विमानात ९२ दिसले, घाबरायचे का? विमानाच्या आत हवेचा दाब जवळजवळ ८,००० फूट उंचीच्या डोंगराइतका कमी असू शकतो. निरोगी माणसाचाही आकडा तिथे उतरतो आणि खाली आल्यावर परत चढतो. फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

आणि ज्यांच्या घरी यंदा बाळ येणार आहे त्यांच्यासाठी. नवजात बाळाच्या उजव्या हातावर आणि एका पायावर हेच यंत्र लावून हृदयाचे काही जन्मजात दोष ओळखता येतात. दोन्हीकडे ९५ किंवा अधिक हवे आणि फरक ३ पेक्षा जास्त नको. दोन जागा यासाठी की हृदयाजवळची एक जन्माआधीची वाट बंद व्हायची असते. उजव्या हाताचे रक्त त्या वाटेच्या अलीकडून येते, पायाचे पलीकडून. वाटेत अशुद्ध रक्त मिसळत असेल तर फरक दिसतो. बाळाला घरी नेण्याआधी ही तपासणी झाली का, एवढे विचारायला संकोच करू नका.

स्वस्त यंत्रांविषयी थोडेसे. २०२१ मध्ये पेन्सिलीलाही ९८ दाखवणाऱ्या यंत्रांच्या चित्रफिती फिरल्या होत्या. त्याच वर्षी जुलैत केंद्राने ऑक्सिमीटरवरचा विक्री-नफा ७० टक्क्यांवर बांधला, म्हणजे भाव आटोक्यात आला, पण दर्जा आपला आपणच पाहायचा. घरच्या घरी एक पडताळणी होते. यंत्र नाडीचा आकडाही दाखवते. मनगटावर बोटे ठेवून मिनिटभर नाडी मोजा. तुमची ७२ आणि यंत्राची ११० असेल, तर त्याच्या शेजारच्या ऑक्सिजनच्या आकड्यावरही विश्वास ठेवू नका.

उद्या सकाळच्या आरतीनंतर आम्ही मंडपातच बसणार आहोत. घरातले यंत्र घेऊन या, नाडीशी ताडून पाहू. येताना दोन ट्रिपल-ए सेल आणा. आतले जुने बहुतेक फुटून पाझरलेले असतील.