मांजराचें अन्न आणि पिशवीवरील लेबल

प्रवरा व म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेल्या संगमनेरांत दुधाची वाण नाहीं. तेथील सहकारी संघाचें ‘राजहंस’ दूध तालुक्याबाहेरही जातें. अशा गांवीं मांजरापुढें दूधभाकर ठेवण्याचा परिपाठ जुना आहे. पूर्वीं तो निभावून जाई. कारण उरलेली उणीव मांजर उंदीर मारून स्वतःच भरून काढी. आतां मांजर बंद घरांत राहतें, आणि त्याचें अन्न बाजारांतून पिशवींत येतें. त्या पिशवीच्या पाठीवरील बारीक मजकूर मात्र क्वचितच वाचला जातो.

मांजर हा मूळचाच मांसाहारी प्राणी होय. टॉरिन नांवाचें द्रव्य माणसाचें शरीर स्वतः बनवितें. मांजराला तें पुरेसें बनवितां येत नाहीं. तें मांसांत व मासळींत असतें, धान्यांत जवळजवळ नसतें. तें कमी पडल्यास मांजराचें दृष्टिपटल झिजून अंधत्व येतें, हें १९७५ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें. पुढें १९८७ सालीं पॉल पायन व त्यांचे सहकारी यांनीं हृदयाचा एक घातक विकारही याच उणिवेनें जडतो असें सिद्ध केलें. विशेष हें कीं, तीं आजारी मांजरें तयार अन्नावरच पोसलेलीं होतीं! त्यानंतर कारखानदारांनीं टॉरिनचें प्रमाण वाढविलें.

म्हणून लेबलावर प्रथम टॉरिन शोधावें. नंतर घटकांचा क्रम पाहावा. सामान्यतः जो घटक वजनानें अधिक, तो आधीं लिहितात. परंतु ताज्या मांसांत सुमारें सत्तर टक्के पाणीच असतें. शिवाय मका, मक्याचें पीठ, मक्याचें ग्लूटेन अशीं एकाच धान्याचीं तीन नांवें वेगळालीं लिहिलीं, म्हणजे धान्य मागें पडल्यासारखें भासतें.

तिसरी गोष्ट हिशेबाची. ओल्या अन्नाच्या डब्यावर प्रथिनें १० टक्के व पाणी ८० टक्के, आणि कोरड्या अन्नाच्या पिशवीवर प्रथिनें ३० व पाणी १० टक्के असल्यास पिशवी सरस वाटते. पाणी वजा केलें कीं डब्यांत प्रथिनें ५० टक्के आणि पिशवींत सुमारें ३३ टक्के भरतात! शेवटीं, तें अन्न ‘संपूर्ण’ आहे कीं केवळ ‘पूरक’, हें पाहावें. पूरक अन्नावर मांजराचा निर्वाह होत नाहीं.

दूध हेंही संपूर्ण अन्न नव्हे. पुष्कळशा मोठ्या मांजरांना त्यांतील साखर पचत नाहीं. शाकाहारी कुटुंबानें आपलें व्रत अवश्य पाळावें. तथापि तें मुक्या प्राण्यावर लादून त्याची दृष्टि घालविणें ही भूतदया नव्हे. ज्या घरांत मांस शिजत नाहीं, तेथें तर लेबल वाचणें हाच मांजराच्या रक्षणाचा मार्ग होय.