मताची किंमत कोणी मोजायची?

(ठाणे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान, संक्षेपाने)



अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विषय निघाला की आपण थोर पुरुषांच्या नावांपासून आरंभ करतो. मी आज पालघरच्या दोन मुलींपासून आरंभ करणार आहे. बाळासाहेब ठाकरे यांचे १७ नोव्हेंबर २०१२ रोजी निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी सर्वत्र बंद पाळला गेला. असा बंद कशासाठी, असा प्रश्न एका विशीतल्या मुलीने फेसबुकवर विचारला. दुसरीने त्याला पसंती दर्शविली. अपराध एवढाच! पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. जमावाने पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची नासधूस केली आणि पोलिसांनी अटक केली ती या दोन मुलींना.

पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, दंडाधिकाऱ्यांची बदली झाली आणि प्रकरण बंद करण्यात आले. या अटकेनंतर श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरले. परंतु रद्द झालेल्या त्याच कलमाखाली नंतरही गुन्हे नोंदविले जात राहिले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. कायदा मेला तरी सत्तेची सवय मरत नाही, हा यातला धडा आहे. घटनेचे १९ वे कलम आपल्याला अधिकार देते, धैर्य देत नाही. ते ज्याचे त्यानेच आणावे लागते.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले, म्हणून हा प्रश्न किमतीच्या भाषेत मांडतो. एकाने निर्भयपणे बोलले की लाभ सर्वांना होतो, किंमत मात्र त्या एकट्याला मोजावी लागते. साहजिकच प्रत्येक शहाणा माणूस दुसऱ्याने बोलावे म्हणून वाट पाहतो. कल्याणच्या लोकलमध्ये विनातिकीट बसणारा दुसऱ्याच्या तिकिटावर प्रवास करतो. आपण मौन पाळणारे नागरिक स्वातंत्र्याच्या गाडीतले असेच प्रवासी आहोत. सगळेच विनातिकीट बसले तर गाडी किती दिवस चालेल?

तिकीट काढणारी माणसे कशी असतात? १९७५ साली आणीबाणीत कराडला साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. त्यांच्या उपस्थितीत अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली आणि आजारी जयप्रकाशजींसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. दुर्गाबाईंच्या पाठीशी ना पक्ष होता, ना संघटना. होता तो केवळ व्यासंग आणि ताठ कणा. त्याच काळात मिनू मसानी यांनी ‘फ्रीडम फर्स्ट’मधील मजकूर अडविणाऱ्या सेन्सॉरविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये ती मिळविलीही. मसानींची आर्थिक मते आपल्याला मुळीच मान्य नव्हती. तरीही त्यांच्या निकालाचा आधार आपल्यालाही होता. आपल्या विरोधकाचे तोंड बांधले जाते तेव्हा ती दोरी आपल्याही मापाची असते.

हा प्रश्न केवळ लेखकांचा आहे असे मानू नका. २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. २०१६ च्या मे महिन्यातही तेथे असाच भीषण स्फोट झाला होता. अशा कारखान्यातील धोका सर्वांत आधी कोणाला कळतो? यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराला. पण तो कंत्राटी असेल, तर तोंड उघडण्याची किंमत म्हणजे उद्याची रोजी. त्याचे मौन भ्याडपणाचे नव्हे, पोटाचे आहे. म्हणून मी म्हणतो की नोकरीची शाश्वती, संघटना आणि भाषणस्वातंत्र्य हे तीन प्रश्न नसून एकच प्रश्न आहे. उदारमतवाद्यांच्या पुढे समाजवाद्यांनी टाकावयाचे पाऊल ते हेच.

आता थोडे स्वतःकडे पाहू. जुलै २०२५ मध्ये विधानसभेत जनसुरक्षा विधेयक संमत झाले, तेव्हा डहाणूचे मार्क्सवादी आमदार विनोद निकोले यांचा विरोध जवळजवळ एकाकी ठरला. बाहेर निषेधाची पत्रके काढणारे पुष्कळ होते. सभागृहात, नेमक्या क्षणी उभे राहणे वेगळे. आणि आपल्या बैठकांत काय होते? नेत्याशी मतभेद असणारा कार्यकर्ता बैठकीत मान डोलावतो आणि रेल्वे फलाटावर खरे मत सांगतो. घरात ज्याची जीभ अडखळते, तो मंत्रालयासमोर कसा बोलणार?

धैर्य काही जन्मजात नसते. ते सवयीने येते आणि सोबतीने वाढते. २० ऑगस्ट २०१३ रोजी ‘साधना’चे संपादक नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली, पण अंक बंद पडला नाही आणि चळवळही थांबली नाही. किंमत पुष्कळांनी वाटून घेतली की ती प्रत्येकाला परवडते. म्हणून माझी मागणी साधी आहे. तुमच्या वस्तीत कोणी बोलल्यामुळे संकटात आला, तर त्याचे मत पटते की नाही हे नंतर ठरवा. त्या रात्री पोलीस ठाण्यात त्याच्या शेजारी जाऊन बसा. पालघरच्या त्या मुलींजवळ त्या रात्री आपल्यापैकी कितीजण होते, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो आहे.