रस्त्याचे नाव आपले, नोटिशीतला नंबर सरकारचा



मध्यंतरी आम्ही वसई-विरारकडे जाऊन आलो. माणसे भाताची, केळीची, भाजीपाल्याची. विरार स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला विचारले, "राष्ट्रीय महामार्ग ४८ वर जायचे आहे." तो तोंडाकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "हायवेला ना? विरार फाट्यावर सोडतो."

तिकडे हायवे म्हटले की एकच. त्यावरची ठिकाणे फाट्यांनी ओळखायची : वसई फाटा, विरार फाटा, शिरसाड फाटा. फार झाले तर अहमदाबाद हायवे. हाच रस्ता दहिसरला मुंबईत शिरला की वेस्टर्न एक्सप्रेस होतो. कागदावर तो पूर्वी ८ नंबर, दिल्ली ते मुंबई. २०१० साली सरकारने देशभरचे नंबर बदलले, तेव्हा तो ४८ झाला आणि चेन्नईपर्यंत गेला. फाटे आहेत तिथेच आहेत.

आपली तऱ्हा वेगळी. आपण रस्त्याला पुढच्या गावाचे नाव देतो. अकोल्यातला मूर्तिजापूर रोड मूर्तिजापुरात अकोला रोड होतो. नाशिककडे आग्रा रोड. आग्रा कोणी पाहिले आहे? जळगावात चौक नव्हे, चौफुली. नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटरच्या रस्त्याला सरकारने लांबलचक नाव दिले, आपण नुसते समृद्धी म्हणतो.

इथवर गंमत. जमिनीची अधिसूचना निघते तेव्हा ती संपते. वसईकडच्या एका शेतकऱ्याने आम्हाला सांगितले, "पेपरात ४८ छापले होते. आमचा तर ८. दुसरीकडचा रस्ता समजून रद्दीत टाकला."

१९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यात हरकतीला २१ दिवस आहेत. ते राजपत्रात अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून मोजायचे, तुमच्या कानावर आल्यापासून नव्हे. सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावा लागतो, त्यातले एक स्थानिक भाषेतले. हरकत लेखीच द्यायची. ही हरकत जमीन घेण्यावरची. भावाचे भांडण पुढचे, त्याची गल्लत करू नका.

आपल्याकडेही तेच झाले आहे. धुळे-जळगाव-अकोला-अमरावती-नागपूर हा आपला ६ नंबर आता ५३ आहे. नागपूर-हिंगणघाट-पांढरकवडा हा ७ नंबर, आपला हैदराबाद रोड, आता ४४. लोक म्हणतात ते नाव कंसात छापायला सरकारचे काय जाते? पण छापत नाहीत. तेव्हा पेपरात महामार्गाचा नंबर पाहून पान उलटू नका. आधी तालुका आणि गाव पाहा, मग सातबारा घेऊन गट नंबर जुळवा.

मागच्या टेबलावर वही ठेवली आहे. जाताना प्रत्येकाने आपले गाव आणि शेताजवळच्या रस्त्याला गावात जे म्हणतात ते नाव लिहावे. समोरचा नवा नंबर आम्ही भरू आणि पुढच्या बैठकीला यादी छापून आणू.