ताप, आकडी आणि आईची साक्ष

(देगलूर तालुक्यातील पालक-शिक्षक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



लहान मुलांना तापात येणारी आकडी हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी डॉक्टर नव्हे, प्रसिद्धी खात्यातला माणूस. जाणकारांनी सांगितलेले नीट ऐकून घ्यावे आणि ते चारचौघांना उमगेल अशा भाषेत मांडावे, एवढेच माझे काम. मात्र या विषयाशी माझी गाठ पिता म्हणूनही पडली आहे, आणि ती सरकारी दौऱ्यावर नव्हे, तर हैदराबादेत मलकपेठेत पडली.

साधारणतः सहा महिने ते पाच वर्षे या वयातील शंभर मुलांमागे दोन ते पाच मुलांना केव्हातरी तापात आकडी येते. म्हणजे एखाद्या अंगणवाडीच्या पटावर पन्नास मुले असतील, तर त्यांतील एकदोघांच्या घरी हा प्रसंग येऊन गेलेला असतो किंवा यावयाचा असतो. ताप झपाट्याने चढतो, मूल एकाएकी ताठ होते, डोळे वर फिरतात, हातपाय झटके देऊ लागतात, ओठ निळसर पडतात, क्वचित कपड्यांत लघवी होते. बहुतेक वेळा हे सर्व दोनतीन मिनिटांत आपोआप थांबते आणि मूल गाढ झोपी जाते. ताप बहुधा सर्दीपडशाचा किंवा कानदुखीचा असतो. या वयातील मेंदू अजून पक्व झालेला नसल्याने त्याला ती उष्णता सोसत नाही. ही प्रवृत्ती काही घराण्यांत अधिक आढळते.

आपल्या पूर्वजांना हा विकार ठाऊक नव्हता असे नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नऊ बालग्रह सांगितले आहेत. त्यांतील स्कंदापस्माराचे वर्णन वाचले म्हणजे आश्चर्य वाटते. मुलाची शुद्ध जाते आणि परत येते, हातपाय नाचल्यासारखे हलतात, तोंडाला फेस येतो, असे तेथे नोंदलेले आहे. कारण म्हणून ग्रहाचे नाव घेतले असले, तरी पाहणाऱ्याची नजर अचूक होती. मला आज त्या नजरेविषयीच बोलावयाचे आहे.

२०१६ च्या पावसाळ्यात आम्ही सहकुटुंब माझ्या थोरल्या बहिणीकडे मलकपेठेस गेलो होतो. आपल्या भागातील पुष्कळांची सोयरीक हैदराबादेत आहे, आणि मलकपेठेचा कांद्याचा बाजार तर आपल्याकडील अनेक शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. आमचा मुलगा तेव्हा दीड वर्षाचा होता. सकाळपासून अंग थोडे कोमट होते, म्हणून पत्नीने त्याला मांडीवर निजवले होते. दुपारी दोनच्या सुमारास तो तिच्या मांडीवरच ताठ झाला. ती ओरडली तो आवाज मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता. तिने नंतर सांगितले की, तिला वाटले, संपले सारे.

शेजारची मंडळी धावली. सर्वांच्या मनात कळकळ होती, यात मुळीच शंका नाही. एकाने कांदा फोडून आणला, दुसऱ्याने पायातली चप्पल हुंगवा म्हणून पुढे केली, एका आजींनी लोखंडी किल्ली मुठीत द्या म्हटले, आणि एकजण दातांत घालावयास चमचा शोधू लागला. माझी बहीण शाळेत शिक्षिका आहे. तिने प्रथम भिंतीवरचे घड्याळ पाहिले आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा मोठ्या आवाजात वेळ सांगितली. मग मुलाला सतरंजीवर कुशीवर निजवले, गळ्यातले बटण सोडले आणि चमचा दूर सारला. झटके थांबले तेव्हा तिने पुन्हा घड्याळ पाहिले. तीन मिनिटेही झाली नव्हती. त्या वेळी पत्नीला आणि मला कोणी विचारले असते, तर आम्ही शपथेवर वीस मिनिटे सांगितली असती.

रेल्वेपुलाखाली पाणी साचले होते, म्हणून वळसा घेऊन रिक्षाने चादरघाटचा पूल ओलांडला आणि नदीपलीकडच्या एका बालरुग्णालयात पोचलो. तोपर्यंत मूल शांत झोपले होते. डॉक्टरांच्या पुढ्यात तापलेल्या अंगाचे एक झोपलेले मूल, एवढेच काय ते होते. घडलेला प्रसंग त्यांनी पाहिलेला नव्हता आणि कोणत्याही यंत्रात तो उमटलेला नव्हता. त्यांनी मला बाजूस बसविले आणि पत्नीला प्रश्न विचारण्यास आरंभ केला. झटके दोन्ही अंगांना होते की एकाच? आधी डोळे फिरले की आधी हात? किती वेळ चालले? थांबल्यावर त्याने तुमच्याकडे ओळखीने पाहिले का? यापूर्वी कधी झाले होते का? घरात कुणाला लहानपणी असे होत असे का? लसी कोणत्या दिल्या? पत्नी मध्येच म्हणाली की, बहुधा दृष्ट लागली असावी. त्यावर ते वृद्ध डॉक्टर हसून दखनीत म्हणाले, “सोचे सो नक्को, देखे सो बोलो.” (दखनीतला हा ‘नक्को’ आपल्या मराठीचाच, त्यामुळे अर्थ सांगण्याची गरज पडली नाही.) मग तिने पाहिलेले सांगितले, बहिणीने वेळ सांगितली, आणि दोन तासांच्या देखरेखीनंतर आम्ही घरी आलो.

ही साक्ष इतकी मोलाची का, हे कळण्यासाठी दुसरी बाजू पाहिली पाहिजे. ताप आणि आकडी हीच लक्षणे घेऊन अत्यंत घातक रोगही येतो. जून ते ऑगस्ट २००३ या तीन महिन्यांत तेव्हाच्या आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला आणि त्यांतील १८३ मुले दगावली. त्या साथीचा संबंध ज्या विषाणूशी जोडला गेला, त्याचे नाव आपल्याच राज्यातील एका गावावरून पडलेले आहे. नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा येथे १९६५ मध्ये तापाच्या रुग्णांमध्ये तो आढळला आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तो शोधून काढला. भिंतींच्या भेगांत राहणारी बारीक वाळूमाशी तो पसरविते, असे मानले जाते. अशा मुलांची शुद्ध परत येत नाही, आणि पुष्कळदा एकदोन दिवसांतच खेळ संपतो. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात मेंदूला होणारा हिवतापही अशाच रूपात दिसू शकतो. बाहेरून पाहता साधी आकडी आणि हा रोग यांचा आरंभ एकसारखा दिसतो. फरक पुढच्या घटकाभरात उघड होतो, आणि त्या घटकाभरात मुलाजवळ आईच असते.

म्हणूनच ‘तापातली आकडी साधी असते’ हे वाक्य मी अर्धेच सांगणार नाही. पहिली आकडी आली की, मूल सावरले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखविलेच पाहिजे. झटके पाच मिनिटांपुढे गेले, चोवीस तासांत पुन्हा आले, एकाच अंगाला आले, मूल सहा महिन्यांहून लहान असले, किंवा आकडी थांबूनही ते शुद्धीवर येत नसले, मान ताठ झाली, टाळू फुगली, अंगावर लाल-जांभळे ठिपके उठले, तर क्षणाचाही विलंब नको.

उरलेल्या आईबापांची भीती मात्र हलकी झाली पाहिजे. पहिल्या आकडीच्या वेळी आपले मूल मरते आहे असेच अनेक पालकांना वाटते, अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख ब्रिटिश डॉक्टरांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला होता. तेव्हा मलकपेठेतील माझ्या पत्नीचा तो आक्रोश काही जगावेगळा नव्हता. अमेरिकेत तापातील आकडी आलेल्या १,७०६ मुलांवर वयाच्या सातव्या वर्षापर्यंत लक्ष ठेवण्यात आले. त्यांपैकी सुमारे शंभरातील दोघांनाच पुढे फेफरे जडले. अशा मुलांची त्यांच्या सख्ख्या भावंडांशी तुलना केली असता बुद्धीत फरक आढळला नाही. साधारण तिघांतील एकाला आकडी पुन्हा येते, हे खरे. पण पुन्हा येणे म्हणजे मेंदूला इजा होणे नव्हे.

तापाचे औषध मुलाला आराम पडावा म्हणून डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेल्या मात्रेत द्यावे. त्याने आकडी हमखास टळते असे सिद्ध झालेले नाही, म्हणून ज्या आईने ते दिले नव्हते तिला घरच्यांनी बोल लावू नये. सासरी हा बोल फार लागतो, म्हणून मुद्दाम सांगतो. आकडी चालू असताना थंड पाण्याची आंघोळ नको, तोंडात पाणी, औषध, बोट, चमचा काहीही नको. हातपाय दाबून धरावयाचे नाहीत. मूल कुशीवर, आसपास मोकळी हवा आणि डोळे घड्याळावर. घड्याळ नसेल तर मोबाइल आता घरोघरी आहे. दुसऱ्या कुणी त्यावर प्रसंगाचे चित्रण केले, तर डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो, फक्त ते गावभर धाडू नये.

शिक्षकांना आणि अंगणवाडीच्या ताईंना विनंती आहे की, ज्या मुलाला एकदा आकडी आली आहे त्याची तारीख, किती मिनिटे चालली आणि ताप किती होता, ही नोंद त्याच्या लसीकरणाच्या कार्डावर मागील बाजूस पालकांकडून लिहून घ्यावी.

राहिला वाहनाचा प्रश्न. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका हैदराबादेत ऑगस्ट २००५ मध्ये सुरू झाली आणि आपल्या राज्यात २०१४ मध्ये आली. आरंभी ९३७ गाड्या होत्या, आणि आपल्याकडील गाडीत डॉक्टर असतो. दूरध्वनीवर प्रथम गावाचे नाव, तालुका आणि कोणत्या फाट्यावरून आत वळावयाचे ते सांगावे, मुलाचे वय आणि आकडी किती वाजता सुरू झाली हे त्यानंतर. पलीकडचा माणूस थांबा म्हणेपर्यंत फोन ठेवू नये. रात्रीची वेळ असेल, तर घरातील एकाने बॅटरी घेऊन फाट्यावर जाऊन उभे राहावे, कारण आपल्या तालुक्यातील निम्म्या फाट्यांवर पाटी नाही.